भट्टीत भाजलेला अंगठा

ती घटना आठवली की आधी माझाच मूर्खपणा आठवतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते. मी तेव्हा नवीकोरी फौजदार होते. खांद्यावरचे दोन तारे दिवसातून चार वेळा पुसायची. तालुक्याच्या गावी एका बंगल्यात घरफोडी झाली. मी रुबाबात गेले, कपाटाची काच सरकवून आत डोकावले, मग त्याच काचेवर पावडर मारून पाच बोटांचे देखणे ठसे उचलले आणि ठसे तपासणाऱ्या ब्युरोकडे धाडले. अहवाल यायला आठ दिवस लागले. तेवढे आठही दिवस त्या घरच्या मोलकरणीला मी ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं, कारण किल्ली तिच्याकडे असायची. अहवाल आला: ठसे तपासी अंमलदाराचे. म्हणजे माझे.

आमचे हवालदार निवृत्तीला आले होते. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बाई, आरोपी मिळाला. अटक तुम्ही करता का मी करू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "यापुढं घटनास्थळी पाऊल टाकायच्या आधी हात मागं बांधायचे." साहेबांनी हसत हसत मला ठसेशास्त्राच्या प्रशिक्षणाला पिटाळलं. पुढची कितीतरी वर्षं मी तेच काम केलं. चोर नंतर सापडला, मालकाचा भाचा निघाला. मोलकरणीची माफी मागायला गेले, तर ती गाव सोडून गेली होती.

आता मी अमेरिकेत अल्फारेटाला लेकीकडे असते. गेल्या वर्षी नातीचं लग्न ठरलं. तिला हॉल नको होता, 'कॅरेक्टर' असलेली जागा हवी होती. म्हणून एका शनिवारी सकाळी निघून आम्ही दोघी पाच तास गाडीने समुद्राकडे गेलो, जुन्या भातमळ्याच्या मालकाचं घर बघायला. अमेरिका स्वतंत्र व्हायच्याही आधीचं घर. ते सांभाळणारी एक संस्था आहे. तिचं नाव सांगत नाही, कुणाचंच सांगत नाही, ती आमची सवय.

घर सुंदर होतं, हे आधी कबूल करते. मुख्य दरवाजा रस्त्याकडे नाही, नदीकडे. पाहुणे होडीने यायचे ना. मधून आरपार दिवाणखाना, दोन्ही दारं उघडली की नदीचा वारा घरभर. डावीकडे जितक्या खिडक्या तितक्याच उजवीकडे. खाली विटांचं तळघर, वर लाकडी मजले. मागच्या बाजूला एक अरुंद जिना, एका माणसाला कसाबसा पुरेल एवढा. मी "वा, वा" करत फिरत होते. पस्तीस वर्षं पोलिसात काढलेली बाई, आणि तो मागचा जिना कुणासाठी होता हे विचारायचं मला सुचलं नाही. शहाणपण निवृत्तीबरोबर मिळतं अशी माझी समजूत होती.

व्यवस्थापक गोडबोल्या माणूस. मागच्या अंगणातलं विटांचं एक पडकं बांधकाम दाखवून तो नातीला म्हणाला, "तुमच्या तारखेपर्यंत हे जुनं स्वयंपाकघर इथे नसेल. इथे पार्किंग होईल, दीडशे गाड्या आरामात."

तिथे एक बाई झाडत होती. काळी, सत्तरीपुढची, ताठ कण्याची. तीस वर्षं या घराची झाडलोट करत होती. व्यवस्थापक फोन घ्यायला गेला तशी ती माझ्याजवळ आली. "तुमची नात म्हणते तुम्ही पोलीस होतात. मग एक गोष्ट बघून जा."

खबर नेहमी अशीच येते. झाडणारी, पाणी भरणारी, चहा आणणारी माणसं देतात. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांना सगळं माहीत असतं.

तिने मला त्या पडक्या स्वयंपाकघरात नेलं. चुलीचा खड्डा इतका मोठा की आत उभं राहता यावं. वर विटांची कमान. कमानीच्या एका विटेत अंगठा उमटला होता. बारीक, लहान मुलाचा, आणि त्यावर तिरकी चीर, कापल्याची जुनी खूण.

"माझ्या आजीने मला दाखवला, तिला तिच्या आजीने," ती म्हणाली. "आमच्या घरातली मुलगी होती. इथल्या विटा तिने आणि तिच्या माणसांनी थापल्या. ती सगळी माणसं मालकाने विकत घेतलेली. संस्थेला हे सांगितलं तर म्हणतात, आमच्या कागदांप्रमाणे स्वयंपाकघर घरानंतर शंभर वर्षांनी कुणीतरी बांधलं, त्याला इतिहास नाही, तुमच्याकडे कागद असेल तर आणा. पुढच्या महिन्यात पाडणार आहेत. पाडलं की आमच्याकडे दाखवायला काही उरत नाही."

माझे हात आपोआप मागे गेले. टॉर्च नातीला धरायला लावली, आडवी, म्हणजे रेषांच्या सावल्या पडतात. रेषा मोजण्याइतक्या शाबूत होत्या. मोठ्या माणसाच्या रेषांपेक्षा दाट. नऊ-दहा वर्षांचं मूल असावं. भाजताना माती आकसते, म्हणून वय मी हात राखून सांगितलं. मुलगी की मुलगा हे ठसा सांगत नाही. ते तिच्या घरात सांगत आले होते.

मग व्यवस्थापकाची चौकशी. चौकशीत दरडावणं हे नवख्याचं काम. माणसाला त्याच्या आवडत्या विषयावर बोलू द्यावं आणि आपण अडाणी व्हावं.

"एवढ्या विटा इंग्लंडहून आणल्या असतील ना हो?" मी विचारलं.

तो खुलला. "नाही नाही. इथल्याच नदीकाठची माती, एकच भट्टी. घर पुरं झालं आणि मातीची खाण नदीच्या पाण्याखाली गेली. त्यानंतर इथे वीट भाजली गेली नाही."

"म्हणजे स्वयंपाकघराच्या विटा?"

"त्या फार नंतरच्या, बाहेरच्या."

"नक्की?"

"अगदी नक्की."

जबाब झाला. मी तळघर बघायची परवानगी मागितली. त्याला वाटलं म्हातारीला गारवा हवाय.

चार तास मी तळघराची एकेक वीट बघितली, हात पाठीमागे बांधून. नात पायरीवर बसून कण्हत होती.

"आजी, प्लीज. एम्बॅरसिंग होतंय. सगळे बघतायत."

"बघू दे. टॉर्च नीट धर."

"आपण वेन्यू बघायला आलो होतो."

"तोच बघतेय."

तो मागचा अरुंद जिना, गुलामांच्या ये-जा करण्याचा, तळघरात उतरत होता. त्याच्या वळणाशी, कमरेच्या उंचीवर, तो सापडला. तोच अंगठा, तीच तिरकी चीर, तोच कोन. फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक खूण जुळवत गेले. आठ जुळल्या. आमच्याकडे तेवढ्यावर मी कोर्टात उभी राहिले असते.

नात माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने न सांगता टॉर्च पुन्हा आडवी धरली. मग म्हणाली, "आजी, ही खरंच एक मुलगी होती."

व्यवस्थापकाला बोलावलं. तो हुशार होता, लगेच म्हणाला, "जुन्या विटा पुन्हा वापरल्या असतील. घराच्या पडलेल्या भिंतीतून काढून."

हा प्रश्न मी त्याच्या आधी स्वतःला विचारला होता. "कमानीची वीट वर रुंद, खाली निमुळती असते. ती ओल्या मातीतच त्या कमानीच्या मापाने पाडतात. भिंतीतून काढून ती मिळत नाही. या मुलीने ती चुलीसाठीच थापली, आणि तुमच्या तळघराचीही. एकाच भट्टीत. भट्टी एकच होती, हे तुम्हीच सांगितलंत."

तो मग नातीकडे वळून म्हणाला, "पार्किंग झालं नाही तर तुमची तारीख मी देऊ शकणार नाही."

मला तिच्याकडे बघायची भीती वाटली. लग्न तिचं होतं.

"कॅन्सल करा," ती म्हणाली. "मी त्या मुलीच्या चुलीवर गाड्या लावणार नाहीये."

तिथेच चुलीसमोर मी पंचनामा लिहिला, मराठीत, कारण दुसऱ्या भाषेत मला पंचनामा येत नाही. नातीने तो भाषांतरित केला. रविवारच्या मराठी शाळेला ती रडत जायची, ते त्या दिवशी फिटलं. पंच दोन: नात आणि ती बाई. बाईंनी सही करताना पूर्ण नाव लिहिलं, स्वतःच्या आजीच्या नावासकट.

संस्थेच्या बैठकीला आम्ही तिघी गेलो. अध्यक्षांनी विचारलं की या घराशी माझा संबंध काय. मी म्हटलं, काही नाही, साक्षीदाराचा नसतोच. तुमचा तज्ज्ञ आणा आणि मला खोटं पाडा, तोवर एक वीट हलवलीत तर पुरावा नष्ट केलात असं मी सगळीकडे सांगत फिरेन, मला दुसरं काम नाही. त्यांनी त्यांचा तज्ज्ञ आणला. त्याने दोन दिवस बघितलं आणि आमच्याच सह्यांखाली सही केली. स्वयंपाकघर राहिलं. पार्किंग रस्त्यापलीकडे गेलं. दारावरच्या पाटीवर 'हे घर अमुक कॅप्टनने बांधलं' असं होतं. त्या कॅप्टनने आयुष्यात वीट उचलली असेल तर मी माझी पेन्शन परत करीन. ती पाटीही उतरली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? घरात काही घडलं की पोलीस मालकाला खुर्ची देतात आणि कामवाल्या बाईला बाक. मीही तेच केलं होतं. मालकाजवळ कागद असतो, म्हणून त्याचं खरं धरायचं. इथे कागद एकीकडे होता आणि अंगठा दुसरीकडे, आणि खोटं कागद बोलत होता. त्या बाकावरच्या बाईला मी आता शोधू शकत नाही. हे काम तिच्या खात्यावर जमा धरा म्हणायचीही माझी लायकी नाही.

विटा थापणाऱ्या माणसांची नवी पाटी लागली त्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. नातीचं लग्न तोवर एका शाळेच्या व्यायामशाळेत झालं होतं, आणि मजेत झालं होतं. मी चुलीसमोर उभी होते, नेहमीसारखी, हात मागे. इतक्या महिन्यांत मी त्या विटेला एकदाही बोट लावलं नव्हतं. ती झाडणारी बाई बाजूला येऊन उभी राहिली. तिने माझ्या पाठीमागे वाकून बघितलं आणि जे बोलली ते जसंच्या तसं देते, मराठी तेवढी माझी:

"ऑफिसर, तुमची चौकशी संपली ना? मग तो हात आता पुढे आणा आणि तिला भेटा."