आधी कपडे कुठे वाळताहेत ते सांगा

आमच्या गल्लीतले कुलूपवाले स्वतः लावलेलं कुलूपसुद्धा तीनदा ओढून बघतात. अशा माणसाने हवामानाच्या अंदाजावर विश्वास ठेवायचा तरी कसा? वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, आठवडाभर दुकान बंद ठेवून ते मेहुण्याबरोबर परदेशात कडे चढायला जातात. गेल्या वर्षी अंदाज लख्ख उन्हाचा होता आणि दोघं सहा दिवस खिडकीतून ओला खडक बघत बसले होते.

यंदा तिकिटं आजच काढायची होती, नाहीतर मेहुण्याची रजा फुकट जाणार होती. त्याने मोबाइल पुढे केला. "दाजी, बघा, आठवडाभर सूर्यच सूर्य!"

"आधी बोट उचल."

बोटाखाली ढग निघाला.

मग दाजींनी तिथल्या लॉजच्या मालकीणबाईंना फोन लावला. "या की, हवा छान आहे," बाई म्हणाल्या. खोल्या रिकाम्या असल्यावर दुसरं काय म्हणणार?

"बाई, आज कपडे कुठे वाळत घातलेत?"

"घरात. पण वारा फिरलाय. परवा सगळ्या चादरी धुऊन अंगणात टाकणार आहे."

मेहुण्याने कपाळाला हात लावला. दाजी मात्र खुलले. "काढ परवाची तिकिटं!"

"अहो, अंदाजावर विश्वास नाही आणि या बाईंवर आहे?"

"अंदाज चुकला तर अंदाजवाल्याचं काय जातं? इथे चादरी भिजल्या तर बाईंनाच परत धुवाव्या लागतील."