प्रोसेसरचं पार्सल

आमच्या घरात येणारी प्रत्येक नवी वस्तू आधी मी सुरक्षित करतो आणि मगच ती बिघडते.

यात माझा दोष नाही! देवबागेत एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. वारा कुठूनही आला तरी खारटच. बिजागऱ्या, सायकल, छत्रीच्या काड्या, सगळं गंजतं. त्यामुळे आमची लेक केतकी पुण्याची नोकरी सोडून घरी आली आणि लोकांच्या घरांच्या सजावटीची चित्रं करायला तिने भारी प्रोसेसरचा संगणक आणला, तेव्हा मी त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि हादरलो. पेटीला मागे भोकं, खाली भोकं, वर चक्क जाळी!

मी निवृत्त पोस्टमास्तर. माझ्या हातचं पार्सल कधी उसवलं नाही. (आंब्याच्या पेटीला मात्र भोकं हवीतच. बिनभोकाची पेटी आणणाऱ्याला मी काउंटरवरूनच परत धाडायचो, "आंबो गुदमारतलो रे!") केतकी आंघोळीला गेल्याबरोबर मी पारदर्शक चिकटपट्टी काढली आणि एकूण एक भोक बुजवलं. काम इतकं सफाईदार झालं, की हातभर अंतरावरूनही दिसेना. कोणाला बोललो नाही. सत्कर्म गुपचूप करावं.

दुसऱ्या दिवशी केतकी ओरडली, "बाबा, ह्यो प्रोसेसर सांगितल्याच्या अर्धोय चलना नाय! धा मिनटां धावता आणि मगे बसता!"

"फसवल्यान तुका दुकानदारान!" मी निकाल देऊन टाकला.

पेटी घेऊन कुडाळला गेलो. निघताना पट्ट्या सोलून काढल्या. (वॉरंटीवाले उगाच शंका काढतात.) दुकानात संगणक दोन तास घोड्यासारखा पळाला. "काका, यात काहीच बिघाड नाही," दुकानदार म्हणाला. मला धक्काच बसला! घरी येऊन पट्ट्या परत लावल्या, या वेळी दुहेरी, कारण पेटी उघड्या रिक्षातून वारा खात आली होती. आणि संगणक परत बसला!

"दुकानात धावता नि घरात बसता! वास्तूतच कायतरी आसा," आमच्या हिने जाहीर केलं आणि संगणकापुढे नारळ ठेवला. गाऱ्हाणं अर्थात मीच घातलं. "बा देवा म्हाराजा! माझ्या चेडवाच्या कामात जो कोण आडो येता, तेका उघडो पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ही खणखणीत आवाजात म्हणाली.

तिसऱ्या दिवशी केतकीच्या पहिल्या गिऱ्हाइकाला संध्याकाळी पाचपर्यंत चित्र पाठवायचं होतं. चार वाजले तरी चित्रात जेमतेम अर्धा सोफा उमटला होता. केतकी शांतपणे म्हणाली, "ह्यां काम गेला तर मी पुण्याक परत जातंय, बाबा. हयसर ह्यां असांच चलतला."

चार वर्षांनी घरात पोरीचा आवाज आला होता. मी तिरमिरीत दुकानदाराला फोन लावला आणि "तुम्ही माझ्या मुलीचं आयुष्य बरबाद करताय!" इथपर्यंत पोचलो, तेवढ्यात शेजारचा बाबल शिडी परत द्यायला आला. बाबल होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. संगणकाला त्याने जन्मात हात लावला नव्हता. आता सरळ पेटीवरच ठेवला.

"आयशप्पथ! तव्यासारखी तापली हा! ह्येका थंड करूक पाणी खंयसून येता?"

"पाणी नाय रे बाबलकाका, वारो. आत पंखो आसा. मागच्या भोकांतसून गरम वारो भायर येता."

बाबलने मागे हात धरला. "खंय येता? गे केतके, आमच्या इंजिनाच्या पाण्याच्या भोकार प्लास्टिकची पिशवी चिकटली की असांच होता. इंजिन तापता नि दम टाकता." त्याने नखाने खरवडलं. टर्रर्रर्र! हातभर पट्टी निघाली. मग दुसरी. मग तिसरी!

पंख्याने भुस्सकन श्वास सोडला. मी आढ्याकडे पाहत होतो. (फोन चालूच होता. दुकानदारही सगळं ऐकत होता.)

"कोणी चिकटयल्यान ह्यां?" केतकीचा आवाज चिरका झाला.

हिने पट्टी उजेडात धरली. "पट्टेचा टोक दुमडून ठेवणारो ह्या घरात एकच माणूस आसा. तो उघडो पडलो! लागला बाये, गाऱ्हाना लागला!"

चित्र पाच वाजायला दहा मिनिटं असताना गेलं. काम मिळालं. केतकी राहिली. त्या आनंदात मी दुकानदाराची माफी मागायला आंब्याची पेटी भरली, तर तीसुद्धा हिने उलटसुलट करून भोकं तपासल्याशिवाय घराबाहेर जाऊ दिली नाही.

संगणकाच्या पेटीवर आता केतकीने ठळक अक्षरांत एक कागद लावलाय: "आत आंबे आसत." तो चिकटवायला तिला माझीच पट्टी लागली. मी अख्खी गुंडाळी पुढे केली. तिने बोटभर तुकडा कापून घेतला आणि गुंडाळी कपाटात ठेवून कुलूप लावलं.