तात्यांची चाल

पणदऱ्याच्या मानसिंगतात्यांना डॉक्टरांनी बजावलं, "रोज चाला, वजन उतरवा, म्हणजे साखर आटोक्यात राहील." तात्या नेमानं चालू लागले. पण वाटेत घरोघरी गोड चहाचा आग्रह व्हायचा आणि नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. महिन्यानं साखर वाढलेलीच निघाली.

"चालत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी चालतूय, पर लोक चालू देत न्हाईत!"

मग गावात चहाचं आधण चढायच्या आत तात्या निघू लागले. त्या वेळी फक्त कुत्री जागी असायची. ती मागं लागली की तात्यांची चाल आपसूक वाढायची. पुढच्या तपासणीत वजनही उतरलं, साखरही.

खुशीत तात्या भाकरी घेऊन कुत्र्यांकडं निघाले, तशी त्यांच्या बायकोनं, जयवंताकाकूंनी, त्यांचा हात धरला.

"नगा घालू. एकदा वळख झाली, की तीबी तुमाला पळवायची न्हाईत."