सातवी दाढ

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मधेच चहा नाकात जाणार नाही. असा गाढवपणा मी जन्मात एकदाच केला, पण तो सरकारी कागदावर आणि पक्क्या शाईत! माझ्या तोंडात खाली डावीकडे एक दाढ नाही, बघा. ती कुठे गेली हे आमच्या हिलासुद्धा मी लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं. तुम्हाला आजच सांगून टाकतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. घर काशीत, भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की बनारसी. वडील पौरोहित्य करायचे. मला मंत्र काही पाठ होईनात, पण अक्षर मोत्यासारखं! त्या अक्षराच्या जोरावर एका जेलच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. पण टेंपररी! दर तीन महिन्यांनी माझी मुदत संपायची आणि दर तीन महिन्यांनी आई देवापुढे नारळ ठेवायची. कायम झाल्याशिवाय मुलगी कोण देणार हो?

माझ्याकडे टेबल आलं कैद्यांच्या औषधपाण्याचं. आता कैदी आजारी पडला की खर्च कोणाचा? जिल्ह्याचा. त्याला बाहेर डॉक्टरकडे न्यायचं तर गाडी, शिपायाचा भत्ता, डॉक्टरची फी, सगळं जिल्ह्याच्या नावावर. आणि जिल्ह्याकडून यायची ती रक्कम बेताची. वर्ष अर्धं सरायच्या आत ती संपायची आणि मग वरून अशी पत्रं यायची की जणू पोटशूळ कैद्याला नाही, जेलरसाहेबांनाच झालाय!

एक दिवस जेलर मिश्राजींनी मला बोलावलं. भला माणूस, पण त्या पत्रांनी पार कावलेला.

"पुराणिक बाबू, यह दवा का खर्चा इस तिमाही में काबू में ले आइए. आपको पक्का कराने की चिट्ठी मैं खुद लिखूँगा."

पक्का! मला तर नुसत्या शब्दानंच मुंडावळ्या दिसायला लागल्या.

मी लागलो कामाला. आधी दूध धरलं. आजारी कैद्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर रोज अर्धा शेर दूध मिळायचं, आणि आमच्या जेलात दुधाचे आजारी फार. मी नियम काढला, ताप असेल त्यालाच दूध. चाळीस जणांचं दूध एका फटक्यात बंद! कोणाच्या पोटावर पाय देऊ नये म्हणतात. मी चाळीस पोटांवर उभा राहिलो आणि वर समासात सुंदर अक्षरात टीपही लिहिली.

मग दात धरले. सरकारी दवाखान्यातली दातांच्या डॉक्टरची जागा बरेच दिवस रिकामी होती, म्हणून कैद्यांना सक्सेना नावाच्या खाजगी डॉक्टरकडे न्यायचे. सोमवारी एक दाढ, मंगळवारी दुसरी. दाढ एक आणि लवाजमा लग्नाचा! मी म्हटलं, हे काय चाललंय? सगळ्या दुखऱ्या दाढा एकदम का नाही न्यायच्या? सक्सेनांशी जाऊन घासाघीस केली. ते म्हणाले, "सात इकट्ठे लाइए, सातवाँ मुफ़्त."

झालं! मी दाढ दुखणारे सात कैदी शोधले. सातांची मंजुरी घेतली. सात चिठ्ठ्या स्वतःच्या हातानं लिहिल्या, नावाऐवजी नुसतं 'बंदी' आणि एक ते सात आकडा, एकाही अक्षरावर पुन्हा पेन फिरवलं नाही. माझी एक खोड सांगतो, तीच पुढे नडली. मला खाडाखोड सहन होत नाही. कागदावर काट मारली की माझ्या काळजावर ओरखडा उठतो.

ठरल्या दिवशी सकाळी फाटकावरच्या वहीत मी नोंद केली, 'बंदी सात, उपचारार्थ बाहेर.' शाई वाळते न वाळते तोच सातवा कैदी, सुखई, गाल चोळत म्हणतो, "बाबू, हम ना जाब. लौंग दबवली, दरद चल गइल."

लवंग धरली आणि म्हणे दुखणं गेलं! आता करायचं काय? साताचे सहा करायचे तर काट मारायची, काटेवर जेलरसाहेबांची सही घ्यायची, आणि साहेब दुपारशिवाय यायचे नाहीत. शिवाय सात चिठ्ठ्या, सातांची मंजुरी, सगळीकडे सहा करत बसायचं.

तेव्हा मी, उंटावरचा शहाणा, काय म्हणालो असेन?

"रहने दो. मैं तो साथ जा ही रहा हूँ. गिनती में हमको जोड़ लो."

फाटकावरचा शिपाई हसला आणि त्यानं मला जोडला.

नेहमीचा हवालदार मला ओळखायचा, पण नेमका त्या दिवशी तो रजेवर. त्याच्या जागी बलियाहून आदल्याच दिवशी बदलून आलेला एक तेजबहादुर. मिशा अशा की दोन्ही टोकांना दोन कंदील टांगावेत. त्यानं वही वाचली, 'सात'. गाडीत डोकी मोजली, सात. समाधान पावला आणि दार लावून घेतलं.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला कैद्यांत कसं धरलं? अहो, हे सगळे कच्चे कैदी. खटला चालू असलेले, म्हणून आपापल्या घरच्या कपड्यांत. मे महिना, मी कोट कचेरीत खुंटीला टांगलेला, ओळखपत्र कोटाच्या खिशात. अंगात झब्बा-पायजमा, पायात चपला, दोन दिवसांची दाढी. त्या सातांत सगळ्यात गुन्हेगार कोण दिसत असेल तर मीच!

दवाखान्यात पोचलो. आत पहिल्याची दाढ निघत होती आणि तो गावाला ऐकू जाईल असा ओरडत होता. मी म्हटलं, तेवढ्यात एक पान लावून येऊ. उठलो, दाराबाहेर दोन पावलं टाकली, तो मागून कॉलर!

"कहाँ चलल हउवा?"

"पान खाने."

"पान? बइठा चुपचाप!"

"अरे, मैं बाबू हूँ! जेल का बाबू!"

"हाँ हाँ. अउर हम लाट साहब."

असं म्हणून त्यानं दोरी काढली आणि माझ्या कमरेला बांधली. दुसरं टोक बच्चालालच्या कमरेला. हा बच्चालाल रामनगरचा, दुसऱ्याची नाव रात्रीतून रंगवून आपली म्हणून चालवल्याचा त्याच्यावर खटला. मला रोज कचेरीत बघणारा माणूस! मला हायसं वाटलं.

"बच्चालाल, बताओ इनको! मैं कौन हूँ?"

बच्चालालनं मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. भिंतीवरचं कॅलेंडर बघावं तसं, अगदी सावकाश.

"चेहरा त देखल-देखल लगत हौ, हवलदार साहब. तीन नंबर बैरक में रहलन का?"

मी उरलेल्यांकडे वळलो. "तुम लोग बोलो!" एकजण छताकडे बघायला लागला, दुसऱ्याला खोकला आला. ज्याची दाढ निघाली होती तो तोंडात कापूस घेऊन मान हलवत होता. नाही, नाही, हा कोण, ठाऊक नाही! आणि डोळ्यांत काय आनंद म्हणता! दाढ काढल्यावर इतका सुखी माणूस मी पुन्हा बघितला नाही.

मी बच्चालालच्या कानाशी लागलो. "अरे, क्यों मेरी जान ले रहे हो?"

तो तितक्याच हळू म्हणाला, "दूध बंद कइला न, बाबू. आँख कमजोर हो गइल. अब मनई चिन्हात नाहीं."

घ्या! दूध बंद झाल्यानं त्याची नजर इतकी अधू झाली होती की हातभर अंतरावरचा कारकून दिसेना. सहाही जण त्या चाळीसांतलेच निघाले. माझे हात असे दगडाखाली सापडलेले.

शेवटी राहिली डॉक्टरसाहेबांची आशा. घासाघीस मी त्यांच्याशीच केली होती ना! पण तेव्हा मी कोटात होतो, दाढी केलेला होतो आणि दोरीला बांधलेला नव्हतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवलेला, समोर सातवी चिठ्ठी.

"डॉक्टर साहब, मैं पुराणिक! वो... सातवाँ मुफ़्त!"

"हाँ भाई, मुफ़्त ही है. घबराओ मत, मुँह खोलो."

"मैं जेल का बाबू..."

"पिछले महीने वाला तो कमिश्नर का साढ़ू था. खोलो."

मी ओरडायला तोंड उघडलं, आणि तिथेच चुकलो. खालची डावी दाढ त्यांनी ठोकून बघितली. "सड़ी तो है. आज नहीं तो कल रुलाएगी." सुई टोचली. तेजबहादुरनं खांदे धरले, बच्चालालनं, खोटं नाही सांगत, प्रेमानं हात धरला. पुढचं मी सांगत नाही. फक्त एवढंच सांगतो की गावाला ऐकू जाईल असा ओरडणारा तो पहिला कैदी माझ्यापुढे अगदीच कच्चा होता.

बेसिनमध्ये दाढ टणकन वाजली आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. सातवी दाढ फुकट. म्हणजे सहा नेल्या असत्या तरी बिल तेवढंच! एका नव्या पैशाचा फरक नव्हता! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, आणि मारुतीचाही गाल सुजलेला.

परत फाटकावर आलो. तिथल्या शिपायानं मला दोरीत बघितलं आणि खाली बसूनच हसला. तेजबहादुरचा चेहरा पडला. बिचारा कान धरायला लागला. मी त्याला काय बोलणार? बोलता येत होतं कुठे! जेलरसाहेब धावत आले, हकीकत ऐकली, गंभीरपणे आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आतून पाच मिनिटं खुर्ची हलल्याचा आवाज येत होता.

घरी आईनं दृष्ट काढली. तीन दिवस मऊ भात आणि दूध. दुसऱ्या दिवशी ते दूध समोर आलं आणि ती चाळीस पोटं आठवली. मला खरंच वाईट वाटलं हो. सुजलेल्या गालानं कचेरीत गेलो आणि माझीच टीप माझ्याच हातानं रद्द केली. म्हणजे काट मारली! आयुष्यातली पहिली, आणि काळजावर ओरखडाही उठला नाही. दाढा एकदम न्यायची पद्धत मात्र राहिली, आणि सांगायला आनंद वाटतो, दूध देऊनही तिमाहीचा खर्च आटोक्यात आला. मिश्राजी शब्दाला जागले. मला पक्कं करायची चिठ्ठी गेली.

आता पक्कं व्हायचं तर सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो, तुम्हाला ठाऊक आहेच. गेलो. तिथल्या डॉक्टरनं तोंड बघितलं, "यह दाढ़ कैसे गई?" सगळी हकीकत सांगायची लाज वाटली, म्हणून सक्सेनांनी सही करून दिलेली चिठ्ठी पुढे केली. माझ्याच मोत्यासारख्या अक्षरातली! तिथल्या कारकुनानं ती समोर ठेवली आणि ओळखीच्या खुणेच्या रकान्यात इमानानं उतरवून घेतलं. तो कागद तसाच माझ्या सर्व्हिस बुकात गेला.

मी ते वाचलं तेव्हा उशीर झाला होता. दुरुस्ती करायची तर लखनौपर्यंत अर्ज, आणि घटना डोळ्यांनी बघितलेले साक्षीदार हजर करायचे. साक्षीदार सहा होते, पण त्यांची नजर कशी होती ते तुम्ही ऐकलंच. म्हटलं, असू दे. नोकरी कायम झाली, महिन्याभरात मध्य प्रदेशातल्या सागर गावची मुलगी सांगून आली, ती म्हणजे आतून कांदेपोह्यांचं विचारतेय ती ही. दाढेच्या बदल्यात वाईट सौदा नव्हता.

वर्षं गेली. मी मोठा बाबू झालो, निवृत्त झालो आणि दोन दिवसांनी पेन्शनच्या खिडकीवर उभा राहिलो. खिडकीत एक बाई होत्या, चष्मा लावलेल्या, मायाळू चेहऱ्याच्या. सर्व्हिस बुक उघडून त्या ओळखीची खूण वाचायला लागल्या, "निचली बाईं दाढ़ नहीं है. कारागार में बंदी रहते हुए..." आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं, माझे पांढरे केस बघितले. मागच्या रांगेला ऐकू जाऊ नये म्हणून पुढे वाकल्या.

"बाबूजी, बुरा मत मानिएगा. आप अंदर कितने साल रहे?"

आता खोटं कसं बोलणार?

"चौंतीस साल, बहनजी."

"हे राम! और छूटे कब?"

मी म्हटलं, "परसों."