काकीची चिठ्ठी

आमच्या चाळीत संडासाला 'तिकडे' म्हणतात. तिकडे नंबर लागलाय, तिकडे जाऊन येते. तिकडे म्हणजे गॅलरीच्या टोकाला, अख्ख्या मजल्याला मिळून चार, चारही उकिडवं बसायचे. रोज सकाळी बादल्या घेऊन सगळे रांगेत उभे, पण नाव घ्यायचं नाही. मला आता त्या वासापेक्षा या सोवळेपणाचीच जास्त शिसारी येते.

शेजारच्या खोलीतली काकी मालवणकडची. लग्न होऊन काळाचौकीला आली ती इथलीच झाली. गुडघे पार गेलेले. एकदा तिकडे बसली आणि उठताच येईना. आतून हाका मारत होती, ''माका उठव गो कोणीतरी!'' मी दार ढकलून आत गेले, काखेत हात घालून तिला उभी केली. लुगडं भिजलेलं. खोलीत आल्यावर ती लाजेने रडली, आणि त्या दिवसापासून तिने खाणंपिणंच कमी केलं. अर्धा कप चहा, दुपारनंतर पाण्याचा थेंब नाही. विरारचा मुलगा येऊन बजावून गेला, ''पुन्हा असं झालं तर सरळ उचलून नेणार. आमच्याकडे कमोड आहे.'' काकीला विरारचं नाव नको. ''थंय माका कोण ओळखता?'' म्हणायची. चारातल्या एका संडासात कमोड बसला असता तर ती इथे राहिली असती. एवढीच गोष्ट. पण मालक ढुंकून बघत नाही आणि चाळकमिटीची आपसातली भांडणं संपत नाहीत.

त्याच सुमाराला आमच्या भागातल्या संस्था एकत्र आल्या. महिला मंडळ, व्यायामशाळा, झाडं लावणारे, म्हाताऱ्यांची शुगर तपासणारे, सगळ्यांची मिळून एक समन्वय समिती. रहिवाशांचं जगणं सुधारायचं, आणि काय सुधारायचं ते रहिवाशांनीच सांगायचं. प्रत्येक चाळीत एक काम नक्की करून देणार होते. बैठकीत चिठ्ठ्या वाटायच्या, ज्याने त्याने हवं ते लिहायचं, मग त्या सगळ्यांसमोर वाचायच्या. खरं सांगते, याहून चांगली पद्धत मी पाहिलेली नाही.

पण आदल्या दिवशी चाळीचे सेक्रेटरी दारोदार फिरले. ''बाहेरची माणसं येणारेत. जरा चांगलं काहीतरी लिहा. चाळीची लाज राखा.''

बैठकीला चौकात खुर्च्या मांडलेल्या, बायका इस्त्रीच्या साड्या नेसून. मी शाळेत शिकवायचे, माझं अक्षर चांगलं, म्हणून निम्मा मजला चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे. ''बाई, तुम्हीच लिहा काहीतरी छानसं.'' मी छान छान लिहीत सुटले. वाचनालय. योगवर्ग. मुलांसाठी संस्कारवर्ग. ज्यांच्या घरात पेपर फक्त डब्यात पोळीखाली घालायला येतो त्यांना वाचनालय! मेल्यांनो, सकाळी पोट दाबून रांगेत उभे असता ते विसरलात? आणि मी तरी कुठे आठवण करून दिली.

काकी मात्र स्पष्ट म्हणाली, ''लिव, खुर्चेर बसतत तसो संडास होयो. दुसरा काय नको माका.''

मी पेन टेकवलं. समोर पाहुणे बसलेले, समितीची ताई माइकची चाचणी घेत होती. माझ्या अक्षरातला 'संडास' हा शब्द त्या माइकवरून सगळ्या चौकात ऐकू जाणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी लिहिलं, 'ज्येष्ठांसाठी विरंगुळ्याची जागा'. काकीला वाचता येत नाही. तिने घडी घालून स्वतःच्या हाताने ती चिठ्ठी समितीने ठेवलेल्या डब्यात टाकली.

ताईंनी ती वाचली तेव्हा टाळ्या पडल्या आणि आमच्या चाळीचं काम म्हणून तेच ठरलं. ''किती सुंदर विचार आहेत तुमच्या चाळीचे!'' नंतर चहा घेताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलंसुद्धा, ''बाई, बाकी काही अडचण? पाणी, संडास वगैरे?'' बिचारीने शब्द आयता हातात दिला होता. मी म्हटलं, ''छे हो, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे.''

थू माझ्या जिभेवर.

जिन्यात काकीने विचारलं, ''माझी चिठ्ठी वाचूक नाय त्यांनी?''

''वाचली नाही वाटतं,'' मी म्हटलं. ''गाळली असेल. असलं काही त्यांना नको असतं.''

तिने समितीला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या आणि मी मान डोलावली.

समितीने शब्द पाळला. आमच्या मजल्यावर दोन सिमेंटची बाकं आली आणि भिंतीवर गुलाबी फ्लेमिंगो रंगवले गेले. बरोबर तिकडच्या भिंतीवर, कारण मोकळी भिंत तेवढीच होती. लोक आता बाकावर बसून नंबरची वाट बघतात. उद्घाटनाला पेढे वाटले, मीही खाल्ला. 

महिनाभरात काकी तिकडे उठताना पडली, या वेळी मनगट मोडलं. मुलगा आला, त्याने दोन पिशव्या भरल्या. अख्खा मजला जिन्याशी जमला. सेक्रेटरी डोळे पुसत होते. त्यांच्याकडे बघून मला किळस आली, आणि मग वाटलं, तू कोण लागून गेलीस?

टॅक्सीत बसवताना काकीने धड असलेला हात बाहेर काढून माझा हात धरला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ''ह्या बाईन एकटीन माझा काम लिवलेला. त्या मेल्यांनी चिठ्ठी फाडल्यानी. तू सोडू नको हां त्यांका.''

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी म्हटलं, ''नाही सोडणार, काकी.''