मालिनीबाईंचे गुडघे

मालिनी गोगट्यांच्या गुडघ्यांना काडीचाही आजार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकाहत्तराव्या वर्षी ही बाई शिकागोच्या थंडीत ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः उपसते. पस्तीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून तिने परक्यांचे गुडघे चालते केले. घरातल्या दोन गुडघ्यांना मात्र तिला कधी हात लावू दिला नाही. ते नवऱ्याचे, प्रल्हादरावांचे.

प्रल्हादरावांचे गुडघे कधीच कामातून गेलेत, पण कबूल करतील तर शपथ! त्यांचं प्रत्येक दुखणं बायकोच्या नावावर. अंधारात गाडी चालवायला डोळे साथ देत नाहीत? ‘मालिनीला भीती वाटते.’ डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात पार्किंगपासून दुकानापर्यंत पायी चालवत नाही? ‘मालिनी दमते.’ आणि ही गप्प. जाऊ दे, चारचौघांत कशाला, असं म्हणत वर्षानुवर्षं गप्प.

लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून सनीव्हेलच्या मुलाने, सिद्धेशने, दोघांना डॅन्यूबच्या रिव्हर क्रूझवर धाडलं. बुधवारी बोट रेगेन्सबुर्ग गावाला लागली. मालिनीला तिथे एकच गोष्ट करायची होती. जवळजवळ नऊशे वर्षांचा दगडी पूल पायी पार करायचा आणि पलीकडच्या काठावरून ते जुनं गाव डोळे भरून बघायचं. घरून निघाल्यापासून ती तेच घोकत होती.

धक्क्यावर गाईड क्लाउडिया नावं वाचून गट पाडत होती. मालिनीचं नाव आलं हळू चालणाऱ्यांच्या गटात. म्हणजे चर्च, बाक, कॉफी आणि परत. पुलाचं नाव नाही.

“फॉर्म कोणी भरला?” तिने विचारलं.

“मी,” प्रल्हादराव म्हणाले आणि क्लाउडियाकडे वळून हसत इंग्रजीत बोलले, “बायकोच्या गुडघ्यांमुळे हो. काय करणार?”

झालं! मालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत इंग्रजीत ती म्हणाली, “माझे गुडघे ठणठणीत आहेत. कामातून गेलेत ते यांचे!” आणि तरातरा दुसऱ्या गटाबरोबर चालू लागली.

पुलाच्या मध्यापर्यंत तिला रागापायी नदीसुद्धा दिसली नाही. मग पाण्याचा खळाळ ऐकू आला. पलीकडे पोचून तिने मागे वळून बघितलं, चर्चचे दोन सुळके, लाल कौलं, आणि तिला फार फार बरं वाटलं. वेळेच्या अर्धा तास आधी ती एकटी बोटीवर परतली.

शिडीशी क्लाउडिया धावत आली. तिने मालिनीचा दंड धरला. “ही, तुमची, बोट,” एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने. आणि केबिनचा नंबर लिहिलेलं कार्ड चक्क गळ्यात अडकवलं. “तुमच्या मिस्टरांनी सांगितलं. हल्ली विसरता, एकदम चिडता. घाबरू नका हं.”

“धादांत खोटं आहे!” मालिनी ओरडली.

क्लाउडियाने मायेने मान हलवली. अजून ओरडलं की अजून खात्री पटणार, हे मालिनीच्या लक्षात आलं आणि ती तडक आत गेली.

प्रल्हादराव लाउंजमध्ये चहा पीत होते. “लोकांसमोर माझा पाणउतारा केलास,” ते शांतपणे म्हणाले. “मग मला त्यांना काहीतरी कारण द्यायला नको?”

तिने तिथूनच सिद्धेशला फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच, तरी पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे बापाचा फोन आधीच होऊन गेला होता.

“आई, रिलॅक्स. बाबा बोललेत मला. आज कुठला वार आहे, सांगशील?”

पोटच्या पोरानेही परीक्षा घ्यावी! मालिनीने फोन बंद केला. गळ्यातलं कार्ड ओरबाडून काढलं आणि थेट रिसेप्शनसमोर उभी राहिली. प्रल्हादराव लंगडत मागे आलेच.

आवाज मुद्दाम खाली ठेवून ती काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, “उद्यासाठी व्हीलचेअर हवी. मिस्टर प्रल्हाद गोगट्यांच्या नावावर. लिहून घ्या.”

मुलगी गोड हसली. पेन उचललं नाही. मालिनीच्या खांद्यावरून मागे बघत तिने विचारलं, “सर, यांच्यासाठीच ना?”

“अगदी बरोबर,” प्रल्हादराव म्हणाले.

मुलीने लिहिलं. मिसेस मालिनी गोगटे.