कूलंट जातंय तरी कुठं?

तुम्ही आपली माणसं म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी मरेपर्यंत गिळून बसलो असतो! अहो, पंधरा-वीस दिवस मी माझ्या गाडीतला एक रोग शोधत होतो. त्यापायी मेहुण्याशी भांडलो, बायकोनं माझ्याशी बोलणं सोडलं, आणि रोग निघाला... थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

केजला माझं कापडाचं दुकान. गाडी जुनीच घेतलेली, पण जीव लई तिच्यावर. माझा मेहुणा बसवराज माजलगावला असतो. त्याला मुलगी झाली, तेव्हा बाळ-बाळंतिणीला दवाखान्यातून घरी न्यायला त्यानं गाडी मागितली. मी दिली. दोन दिवसांनी त्यानं ती धुऊन-पुसून परत आणून लावली.

त्याच आठवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. "कूलंट तपासत जा, नाहीतर इंजिन गेलंच समजा!" कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी. मी आयुष्यात पहिल्यांदा बोनेट उघडलं. पांढरी प्लास्टिकची टाकी दिसली, झाकण काढून आत डोकावलो. टाकी कोरडी!

लगेच कूलंटचा डबा आणला, टाकी गळ्यापर्यंत भरली. चार दिवसांनी बघतो तर काय, निम्मी गायब! परत भरली. परत गायब!

गाडीखाली पुठ्ठा अंथरला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा ठणठणीत कोरडा. मग जातंय कुठं? गाडी पिऊन बसते का काय?

आमचे मेकॅनिक रफिकभाई नेमके लेकीकडं शिरूर कासारला गेलते. त्यांना फोन लावला.

"खालून गळत न्हाई म्हणता?"

"एक थेंब न्हाई."

"मंग आतून जात असंल. गॅस्केट, म्हंजी इंजनातलं सील, गेलं असलं तर इंजन खोलावं लागंल. काटा वर जातो का तापल्याचा?"

"न्हाई. मधीच असतो."

"असं कसं?"

"काटा बी बिघडला असंल!" मी ठणकावून सांगितलं. बघा माझी हुशारी!

"मी येईस्तोवर लांब नेऊ नका गाडी," रफिकभाई म्हणाले.

दोन दिवसांनी नवीनच लक्षण! समोरच्या काचेवर चिकट थर. वायपर फिरवला की आणखी फासतोय. वास घेतला तर गोडसर. कूलंटचाच वास! आता मात्र माझी खात्री पटली. इंजिन खलास. आणि ते खलास कुणी केलं? माझ्याशिवाय गाडी चालवली कुणी?

लावला फोन.

"बसवराज, खरं सांग. गाडी तापलती ना तुझ्याकडं?"

"न्हाई दाजी. बाळ होतं गाडीत. पार हळू नेली."

"मग इंजिन काय आपोआप फुटलं? दगड-बिगड लागला असंल, अन् तू लपवलंस!"

"दाजी, काय बोलताय तुमी? कावून लपवीन मी?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवून दिला.

मागं वळलो तर दारात बायको. संगीता शांतपणे म्हणाली, "रविवारी बारसं हाय. मी आत्या. लेकराच्या कानात नाव मला सांगायचंय. आता कुठल्या तोंडानं जाऊ मी तिथं?"

ते शेवटचं वाक्य. पुढं चार दिवस ताट समोर यायचं, शब्द नाही. जास्तीची भाकरी हवी तर मी भिंतीला सांगायचो!

शनिवारी रफिकभाई आले. मी गाडी घेऊन दारात हजर. त्यांनी बोनेट उघडलं. पाईप चाचपले. ऑईल बघितलं. "साफ हाय. गॅस्केट गेलं असतं तर बऱ्याचदा दुधाळ होतं."

"पण काच बघा ना!"

त्यांनी काचेवर बोट फिरवलं. "शेठ, हे तर भायेरून हाय. आतली गळती भायेरून कशी चढंल?" मग जरा थांबून विचारलं, "तुमी कूलंट टाकता कुठं?"

मी ऐटीत टाकीवर बोट ठेवलं.

रफिकभाईंनी टाकीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि एक दांडी ओढली.

फुर्रर्र! काचेवर दोन हिरव्या पिचकाऱ्या!

"ही काच धुवायची टाकी हाय, शेठ. झाकणावर कारंजं काढलंय, दिसलं न्हाई का?"

दिसलं होतं हो! मला वाटलं, ती थंडाव्याची खूण! आणि दुकानाला निघताना धूळ घालवायला रोज पाच-सहा पिचकाऱ्या कोण मारत होतं? मीच! ते पाणी येतं कुठनं, त्याचा रंग कुठला, हे कधी बघितलंच नव्हतं!

खऱ्या कूलंटची टाकी दुसऱ्या बाजूला होती. पार खुणेपर्यंत भरलेली.

तुम्हाला वाटेल, मला लाज वाटली. लाज नंतर! आधी छातीवरचा धोंडाच उतरला. इंजिन खोलायचं नाही, गाडी शाबूत, उद्या माजलगावला जाता येणार! मी रफिकभाईंना चक्क मिठी मारली. तेलकट हातांनी ते बिचारे अवघडून उभे.

घरी येऊन संगीताला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोन लावा त्याला." चार दिवसांनी आवाज ऐकला, काय गोड वाटला म्हणून सांगू!

"बसवराज, चुकलो रे." आणि टाकीचा सगळा घोळ त्यालाही सांगितला.

"बारशाला या, मग बघू," तो म्हणाला.

रविवारी गेलो. काच लख्ख, काटा मधोमध. संगीतानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, पाळणा हलला, आणि मी कोपरा धरून बसलो. तेवढ्यात बसवराज सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्यापुढं येऊन उभा राहिला. हातात वाळ्याच्या सरबताचा ग्लास. हिरवंगार!

"घ्या दाजी," तो म्हणाला, "इंजन थंडच होतं, डोकंच तापलतं तुमचं." आणि माझ्या तोंडाकडं बोट करून, "हे मातर इथं टाकायचं, बरं का!"

अख्खा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं आमची बायको. मलाही हसू आवरेना. तशातच मोठ्या ऐटीत ग्लास तोंडाला लावला, आणि निम्मं सरबत शर्टावर! ही टाकीसुद्धा मला नीट सापडली नाही, बघा.